तिसरी-चौथी एकत्र, २६ मुलं आणि जुलैतला एक आठवडा : मी कसा बसवते

सर, तुमचा प्रश्न वाचला. जूनमध्ये रुजू झालात, दोनशिक्षकी शाळा, तुमच्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र, पट २६. तुम्ही म्हणताय की सोमवारी वेळापत्रक छान लिहून जातो आणि बुधवारपर्यंत त्यातलं काही उरत नाही, वर्ग दिवसभर गजबजलेला असतो, मुलं कामात दिसतात, पण शनिवारी गाडीला किक मारताना कोण काय शिकलं हे सांगता येत नाही. मग आठवडा बसवायचा कसा, हा प्रश्न.

माझी २३ वर्षं झाली, सगळी जिल्हा परिषदेच्याच शाळांत, त्यातली शेवटची ११ भोर तालुक्यात आणि जवळजवळ सगळी वर्षं असाच जोडवर्ग. पटही योगायोगाने तुमच्याइतकाच, २६. तर मी नुसती तत्त्वं सांगत बसत नाही, गेल्या जुलैतला एक आठवडा घेते आणि त्यात काय केलं, काय बुडलं ते सांगते.

पण आधी एक हिशोब बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास, २४० मिनिटं. त्याला २६ ने भागा. एकेका मुलाच्या वाट्याला नऊ मिनिटं येतात. आणि तीही खरं तर कुणालाच मिळत नाहीत, कारण आपण दिवसभर सगळ्यांशी एकदम बोलत असतो, पुढची चार-पाच पोरं पटापट उत्तरं देतात आणि आपल्याला वाटतं वर्गाला समजलं. मी पहिली सहा-सात वर्षं अशीच शिकवली, अगदी मनापासून शिकवली. मग एका वर्षी चौथीच्या शेवटी एक मुलगी माझ्यासमोर साधा उतारा वाचू शकली नाही. दोन वर्षं माझ्याच वर्गात होती, रोज हजर, शांत, वही पूर्ण, अक्षर सुंदर. फळ्यावरचं सगळं ती चित्र काढल्यासारखं उतरवून घ्यायची आणि मी त्या वहीवर दोन वर्षं बरोबरच्या खुणा करत होते. तिचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी आठवड्याचं नियोजन विषयांच्या नावांनी करायचं सोडलं आणि मुलांच्या नावांनी करायला लागले.

म्हणजे काय, तर टाचणवहीत विषय, घटक, तास हे सगळं असतंच, ते लागतं. पण त्याशिवाय एक साधी दोनशे पानी वही आहे, तिच्यात सोमवार ते शुक्रवार असे रकाने आणि प्रत्येक रकान्यात पाच मुलांची नावं, एका दिवशी सहा. त्या दिवशी मी त्या पाच मुलांजवळ बसते, एकेकाजवळ सहा-सात मिनिटं, एकटीच, शेजारी बसून. त्याच्याकडून वाचून घेते, एक गणित बोलत बोलत करून घेते, त्याने लिहिलेलं त्यालाच वाचायला लावते. वहीत दोन ओळी लिहिते. बस. शनिवार हा जो गैरहजर होता त्याच्यासाठी. आठवड्याला प्रत्येक मूल एकदा माझ्या पूर्ण नजरेखालून जातं, आणि जे अडलंय ते आठवड्यातून दोनदा. बाकी वर्गात जे काही चालतं ते सगळं, उपक्रम, गट, तक्ते, खेळ, ते मुलांच्या शिकण्यासाठी आहेच पण माझ्या दृष्टीने त्याचं अजून एक काम आहे : मला ही चाळीस मिनिटं मोकळी मिळवून देणं. वर्ग माझ्याशिवाय चाळीस मिनिटं स्वतःच्या कामात राहू शकतो का, हा प्रश्न सुटला की आठवडा बसतो. तुमचा वर्ग गजबजलेला आहे म्हणता, तर अर्धं काम झालंय सर, फक्त त्या गजबजाटात तुम्ही कुठे उभे असता ते बदलायचंय.

हे जूनमध्ये शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. माझे पहिले तीन आठवडे यातच जातात. तिसरीतला एक आणि चौथीतला एक अशा जोड्या लावते. नियम एकच, बाई खिडकीपाशी बसल्या की अडलं तर आधी जोडीदाराला विचारायचं, मग गटप्रमुखाला, मग भिंतीवरचा तक्ता बघायचा, आणि तरीही नाही जमलं तर ते काम बाजूला ठेवून पेटीतलं दुसरं घ्यायचं. पेट्या तीन आहेत, वाचनाची, गणिताची, लिहिण्या-काढण्याची. पेटी म्हणजे किराणा दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके. वाचनाच्या पेटीत गोष्टींची पुस्तकं, जुने पेपर, मागच्या वर्षीच्या मुलांनी लिहिलेली पानं (ती सगळ्यात जास्त वाचली जातात), गणिताच्या पेटीत आइस्क्रीमच्या काड्या, रबरं, चिंचोके, शंभर मण्यांची माळ, खेळण्यातल्या नोटा. सुरुवातीला पोरं दर मिनिटाला उठून येतात, तेव्हा चिडायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही, बोटाने जोडीदार दाखवायचा.

आता तो आठवडा. जुलैचा तिसरा आठवडा, आमच्याकडे भातलावणी अगदी जोरात. सोमवारी २६ पैकी १९ हजर. तुमच्याकडे सोयाबीनची खुरपणी असेल किंवा कापसाची खुरपणी असेल, गोष्ट तीच. आधी मला याचा फार त्रास व्हायचा, आता मी जुलैत विषय दुसरा घेतच नाही, पाऊस आणि लावणी हाच सगळ्या विषयांचा धागा. जे मूल दोन दिवस खाचरात होतं ते तिसऱ्या दिवशी वर्गात आलं की मागे पडलेलं नसतं, उलट त्याच्याकडे सांगायला सगळ्यात जास्त असतं.

सोमवारी परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली की रोजच्या बातम्यांऐवजी आमच्याकडे ‘माझी बातमी’ असते. पेपरातली नाही, स्वतःची. एकाची म्हैस व्याली, एकीच्या घरात ओढ्याचं पाणी आलं, एकीच्या आत्याचं लग्न ठरलं. त्यातली एक बातमी मी फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहिते आणि तोच त्या दिवशीचा वाचनपाठ. नंतर हजेरीवरून गणित. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असते, मग आज १९ जण, मावशींना किती तांदूळ काढायचा? चौथीची पोरं करतात १९०० ग्रॅम म्हणजे १ किलो ९०० ग्रॅम, डाळ ३८० ग्रॅम. तिसरीची शंभर-शंभरच्या उड्या मोजतात. मग दोघं जण जाऊन मावशींसमोर काट्यावर बघून येतात. हे मी वर्षभर रोज करते, पाचच मिनिटं लागतात, आणि ग्रॅम-किलो हा घटक मला वेगळा फारसा शिकवावा लागत नाही.

मग पर्जन्यमापक बसवला. हे तुम्ही नक्की करा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची सरळ अंगाची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवायचा. बाटलीचा तळ वेडावाकडा असतो म्हणून आत खडे टाकायचे आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं, तिथे शून्य. तिथून वर कागदी पट्टी चिकटवायची, मिलिमीटरच्या खुणा करून, वरून पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर पहिल्याच सरीत शाई जाते. झाडाखाली किंवा पागोळीखाली ठेवायची नाही. वाऱ्याने पडू नये म्हणून चार विटांच्या मध्ये. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आम्ही परिपाठाच्या वेळी मोजतो, पण रोज एकाच वेळी मोजायचं आणि मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं हे मात्र पक्कं. कोण मोजणार याची पाळी.

त्या दिवशीची माझी पाच नावं होती त्यात तिसरीतला एक मुलगा होता. मागच्या भिंतीला टेकून बसणारा, बोलायला चुणचुणीत. त्याला ५२ वजा २७ दिलं. उत्तर ३५. मी नुसतं विचारलं, कसं केलंस? तर म्हणाला, पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. सर, ही चूक तुमच्या वर्गात आत्ता या क्षणी किमान सात-आठ जण करत असतील, लिहून देते. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, वरचा अंक कुठला आणि खालचा कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. वहीत नुसता लाल फुलीचा शेरा दिला तर हे कधीच कळत नाही, कारण फुली हे सांगत नाही की तो विचार काय करत होता. मी त्याला लगेच समजवायला गेले नाही. वहीत लिहिलं, ‘हातचा नाही, दशक-एकक सुटे समजतो’, आणि पुढच्या मुलीकडे गेले.

मंगळवारी पूर्ण सकाळ संख्यांवर घालवली. मराठी मुलांना आकडे का अवघड जातात याचा आपण शिक्षक पुरेसा विचार करत नाही असं मला वाटतं. सत्तावीस म्हणताना आधी सात ऐकू येतात आणि मग वीस, म्हणून मूल ७२ लिहितं. एकोणतीस म्हटलं की कानावर तीस पडतं, म्हणून ३९ लिहितं. एकोणपन्नासला ५९. यात मूल मंद नाही, ते नीट ऐकतंय म्हणूनच चुकतंय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल, टिंगलही खूप झाली, आणि गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर शांतपणे मुलांची अडचण समजावून सांगत होत्या. माझं मत विचाराल तर दोन्ही लागतं. बाजारात, घरात सत्तावीसच म्हणणार सगळे, ते शब्द आपले आहेत, ते यायलाच हवेत. पण पहिल्यांदा समजायला वीस आणि सात हीच पायरी सोपी. मी काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या हातात देते, ‘वीस सात, म्हणजे सत्तावीस’ असं तीन-चार वेळा म्हणून घेते, मग लिहायला. एकोणच्या सगळ्या संख्यांसाठी वेगळा खेळ, माळेवर तीसचा मणी धरायचा आणि एक मागे यायचं, ‘तीसला एक कमी’. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत जायचं, आणि नव्याण्णव मात्र वेगळंच, तिथे पोरं दरवर्षी ‘एकोणशंभर’ म्हणतात. मी म्हणते, तुझा नियम बरोबर आहे, आपली भाषा तिथे वेगळी वागते. मुलाला त्याचा नियम बरोबर होता हे सांगणं फार गरजेचं असतं.

चौथीकडे मंगळवारी पर्जन्यमापकाचं काम. ३८ मिलिमीटर पडला होता. अंगणात पाऊस थांबल्यावर खडूने एक मीटर बाय एक मीटर चौकोन काढला आणि सांगितलं, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एवढ्या जागेवर एक लिटर पाणी. मग ३८ लिटर. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या डोळ्यासमोर आणा ३८, या एवढ्या चौकोनावर ओतल्या. मग वर्गाच्या छपरावर किती? ते मी त्यांच्यावर सोडून दिलं, त्यांनी वर्ग पावलांनी मोजायला घेतला आणि मी खिडकीपाशी जाऊन बसले, त्या दिवशीच्या पाच जणांजवळ.

बुधवारी खाचरात गेलो. परवानगी आधी घेतली होती, पालकांना निरोप, मुख्याध्यापकांना सांगितलेलं, सोबत दोन मुलांच्या आया, आणि पोरांना बांधावरूनच चालायची सक्ती, कारण जुलैत बांधाच्या बिळांत साप असतात आणि यात हयगय चालत नाही. ज्यांच्या खाचरात गेलो ते चारसूत्री पद्धतीने लावतात, म्हणजे दोरीला २५ आणि १५ सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा आणि प्रत्येक खुणेवर दोन-तीन रोपांचा एक चूड. पोरांनी आयुष्यभर लावणी बघितलेली, पण फूटपट्टी घेऊन कधी बघितली नव्हती. मोजलं, खरंच २५, खरंच १५. मग तिथेच बांधावर प्रश्न, चार मीटर दोरीवर किती चूड बसतील? चौथीच्या एका मुलीने बोटं मोडली, २५ आणि १५ चाळीस, चारशेत चाळीस दहा वेळा, दर वेळी दोन चूड, वीस. तिचे वडील तिथेच चिखलात उभे होते, त्यांनी हातातली रोपं खाली ठेवली आणि दोरीवरच्या खुणा मोजल्या. वीसच निघाल्या. तो क्षण मी कुठल्याच अहवालात लिहू शकत नाही, पण त्या मुलीने पुढच्या आठवड्यात गणितात जो जोर धरला तो त्याच चिखलातून आला.

आणि तो आमचा ५२ वजा २७ वाला मुलगा. तो त्या दिवशी शाळेत आलाच नव्हता, तो तिथे खाचरातच होता, चुलत्यांकडे रोपांच्या जुड्या पोचवत होता. मी त्याला हाक मारली, किती जुड्या आहेत रे? पाच, आणि ही सुटी दोन. मी म्हटलं, चुलत्याला सुटी सात रोपं दे. त्याने एक सेकंदही विचार केला नाही, एका जुडीचा बंध सोडला आणि सात मोजून दिली. जुडीत दहा नसतात, पंचवीस-तीस असतील, पण ते महत्त्वाचं नाही. बंध सोडल्याशिवाय सुटी मिळत नाहीत हे त्याच्या हाताला माहीत होतं, फक्त वहीतल्या पाच आणि दोनमध्ये त्याला ती जुडी दिसत नव्हती. मी तिथे काही बोलले नाही. शाळेत परत आल्यावर वहीत ‘जुडी’ एवढा एकच शब्द लिहिला. बुधवारची माझी पाच मुलं राहूनच गेली, तेही सांगते, सहलीच्या दिवशी ते होत नाही आणि तसा आग्रह धरायचा नाही.

गुरुवार लिहिण्याचा. आदल्या दिवशी जे पाहिलं ते ताजं असतं, त्यामुळे ‘निबंध लिहा’ म्हणावं लागत नाही. इथे एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगायची आहे. आमची मुलं लिहितात, ‘आमी खाचरात गेल्तो, तिथं लय चिखुल व्हता.’ पहिल्या खेपेला यातलं काहीही दुरुस्त करायचं नाही. अजिबात नाही. ते मूल पहिल्यांदा स्वतःच्या मनातलं कागदावर उतरवतंय आणि आपण ‘व्हता’ला गोल केला की त्याला कळतं की त्याच्या आईची भाषा चुकीची आहे. दुसऱ्या दिवसापासून ते तीनच वाक्यं लिहितं, जी चुकणार नाहीत अशी. मी काय करते, त्यांनी लिहिलेलं तसंच वाचून घेते, मग एकेक वाक्य फळ्यावर दोन बाजूंनी लिहिते, ‘घरी आपण असं म्हणतो’ आणि ‘पुस्तकात असं असतं’. मुलांना हा खेळ फार आवडतो, आठवड्याभरात ती स्वतःच ‘बाई, याचं पुस्तकातलं काय?’ विचारायला लागतात. शुद्धलेखन मी त्या त्या आठवड्याला एकच धरते. त्या आठवड्यात र धरला होता, कारण पानापानावर तोच अडत होता : सूर्य, प्रकाश, ट्रॅक्टर, दऱ्या. एकाच र ची चार रूपं. फक्त र चे शब्द हिरव्या पेन्सिलीने शोधायचे, बाकीच्या चुकांकडे त्या आठवड्यात कुणी बघायचं नाही, मीसुद्धा नाही.

वाचनाचंही इथेच सांगून टाकते कारण तुम्ही निपुण भारत, म्हणजे लहान मुलांना वाचन आणि अंकज्ञान यावं यासाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानाबद्दल विचारलं होतं. ५ जुलै २०२१ ला ते सुरू झालं आणि तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं त्यात आहे. दिशा म्हणून चांगलं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण घड्याळ लावून वाचून घेताना एवढं लक्षात ठेवा की मराठीत ‘शाळेसमोरच्या’ हा एकच शब्द आहे आणि ‘तो’ हाही एकच शब्द आहे. उतारा बदलला की वेग बदलतो. आणि वाक्यातला ‘समजून’ हा शब्द वेगाइतकाच मोठा आहे. मी वाचून झालं की एकच प्रश्न विचारते, ज्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नसतं. उदाहरणार्थ, आजीने इरलं (पावसात डोक्यावरून घ्यायचं आच्छादन) का शोधलं असेल? त्यावरून जे कळतं ते सेकंदांवरून कळत नाही.

इंग्रजीला त्या आठवड्यात मी फार काही दिलं नाही. रोज दहा मिनिटं, रेन, क्लाउड, मड, फ्रॉग, हातवाऱ्यांसकट, आणि दोन-तीन छोटी वाक्यं. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, त्याला गुरुवारी दुपारचा अर्धा तास दिला. रायरेश्वर आमच्याच तालुक्यात, पण ढगांमुळे त्या आठवड्यात तो डोंगर एकदाही दिसला नाही, मग मुलांना विचारलं की अशा पावसात गडावरची माणसं काय खात असतील, जळण कुठे ठेवत असतील? घरी जाऊन आजोबांना विचारून या. शुक्रवारी येताना पोरं इतकी माहिती घेऊन आली की त्याचाच एक तक्ता झाला.

शुक्रवार विस्कटला. हे तुम्हाला मुद्दाम सांगते कारण प्रत्येक आठवड्यात एक दिवस असा असतोच आणि नवीन शिक्षक त्यालाच स्वतःचं अपयश समजतात. दुसऱ्या वर्गाचे सर रजेवर, म्हणून पहिली ते चौथी चारही वर्ग माझ्याकडे, त्यातच सकाळी निरोप आला की एक माहिती आजच ऑनलाइन भरायची आहे, आणि पावसामुळे रेंज नाही. अशा दिवसासाठी माझ्याकडे एक ठरलेली गोष्ट आहे, नवीन काहीच शिकवायचं नाही. मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात. चौथीचा एक, पहिलीचा एक, अशा जोड्या व्हरांडाभर. जे मूल स्वतःच्या वर्गात वाचायला बुजतं ते पहिलीतल्या मुलासमोर ठणठणीत वाचतं, हे मी दर वेळी बघते. दुपारी भाटघर धरण किती भरलं ही पेपरातली बातमी घेतली. मोठ्या चौकटीच्या कागदावर दहा बाय दहा शंभर घरं आखली आणि बातमीत जेवढे टक्के होते तेवढी घरं निळी रंगवली. टक्केवारी चौथीला नाही, मला माहीत आहे, पण शंभरातली इतकी एवढं त्यांना कळतं आणि तो कागद भिंतीवर राहिला, पुढे ऑगस्टभर पोरं त्यात निळी घरं वाढवत होती. रंगवणं चालू असताना मी रेंजसाठी शाळेच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन ती माहिती भरून आले. त्या दिवशी खिडकीपाशी फक्त दोनच मुलं झाली.

तर शनिवारी बुधवारची पाच, शुक्रवारची राहिलेली चार आणि गैरहजर होते ते, एवढी सगळी नावं उरलेली. सकाळची शाळा, वेळ कमी. मी सगळी केली नाहीत. ज्यांची दोन ओळींची नोंद मागच्या आठवड्यातही काळजीची होती ती पाच निवडली आणि बाकीची पुढच्या आठवड्यात वर ढकलली. ही निवड करता येणं हेच त्या वहीचं काम. वही नसती तर शनिवारी मी पुन्हा पुढच्या रांगेतल्या हुशार पोरांकडूनच पाढे म्हणून घेतले असते.

त्या पाचांत तो मुलगा होताच. मी त्याच्यासमोर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवल्या आणि फक्त एवढंच म्हटलं, या जुड्या आहेत, चुलत्याला सत्तावीस द्यायची आहेत. त्याने एक गठ्ठा सोडला. बारा सुट्या झाल्या, त्यातल्या सात दिल्या, दोन गठ्ठे दिले, उरले दोन गठ्ठे आणि पाच. पंचवीस. मग त्याने स्वतःहून सोमवारची वही काढली, ३५ च्या बाजूला २५ लिहिलं, आणि ५ च्या डोक्यावर छोटा ४ काढला. हातचा हा शब्द मी त्या दिवशी वापरलाच नाही, तो त्याच्या जोडीदाराने त्याला सांगितला. त्यानंतर त्याने ४१ वजा १८ केलं, ७३ वजा ३६ केलं, दोन्ही बरोबर, आणि मग ६० वजा २३ ला पुन्हा थांबला, कारण तिथे सुटी एकही नव्हती आणि शून्याचं काय करायचं हे त्याला कळेना. घंटा झाली. सोमवारच्या रकान्यात त्याचं नाव पहिलं लिहिलं, बाजूला ‘६० − २३, शून्य’, आणि वही बंद केली.

तुम्ही उद्यापासून सगळं एकदम सुरू करू नका. आधी जोड्या लावा आणि ती वही आणा, पर्जन्यमापक आणि बाकीचं नंतर. पहिल्या आठवड्यात पाच ऐवजी दोनच मुलांजवळ बसता आलं तरी बसा, आणि वहीत शेरा म्हणून ‘चांगला’, ‘बरा’ असं लिहू नका, तो काय बोलला ते लिहा. पंधरा दिवसांनी त्यातली काही पानं मला कळवा, आपण त्यावरून पुढे बोलू.